पगार मार्कांना बांधला की कच्चं पोर नकोसं होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकांचा पगार मुलांच्या रिझल्टवर ठरवा, चांगला रिझल्ट आणणाऱ्याला बोनस द्या आणि बाकीच्यांचं इन्क्रिमेंट थांबवा, असं हल्ली बरेच जण बोलतायत, लिहितायत. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता रिटायर झालेय, म्हणजे माझा पगार वाढायचा किंवा कमी व्हायचा प्रश्नच उरला नाही, तेव्हा हे स्वतःच्या खिशासाठी लिहिलंय असं कुणी समजू नये. पण या स्कीमची एक छोटी आवृत्ती मी आतून बघितलीय आणि त्यात माझं स्वतःचं मन कसं बदललं तेही बघितलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी एक गोष्ट कबूल करते. पालकांचा राग खोटा नाही. शाळेत वेळेवर न येणारे, आले तरी वर्गात मोबाईल बघत बसणारे, मुलांना नुसतं पुस्तकातून उतरवून काढायला लावणारे शिक्षक मी बघितलेत, शेजारच्या वर्गात बघितलेत. आणि महिन्याच्या शेवटी त्यांच्या आणि माझ्या खात्यात सारखाच पगार पडायचा तेव्हा मलाही त्रास व्हायचा. काम करणारा आणि न करणारा दोघं एकाच तराजूत हे कुणाला आवडेल? त्यामुळे जे लोक पगार कामावर द्या म्हणतात त्यांचा हेतू वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की "काम" मोजायचं म्हणून तुम्ही जे मोजणार आहात ते मुलांचे मार्क आहेत, आणि मार्कांना पैसे बांधले की सगळ्यात आधी फटका बसतो तो वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलाला, कामचुकार शिक्षकाला नाही.

माझा अनुभव सांगते. मी ज्या एका शाळेत होते तिथे मॅनेजमेंटने ठरवलं की ज्या वर्गाची पास होणारी टक्केवारी जास्त त्या वर्गशिक्षकाला वर्षाच्या शेवटी बक्षीस रक्कम. रक्कम काही फार मोठी नव्हती. पण त्याआधी तुकड्या पाडायचं काम कसं व्हायचं तर मुख्याध्यापक बाई यादी घेऊन बसायच्या, थोडी हुशार थोडी कच्ची मुलं दोन्हीकडे टाकायच्या आणि कुणी त्या यादीकडे बघायचंही नाही. बक्षीस आलं आणि पुढच्या वर्षी त्याच यादीवर आम्ही चारचार जण वाकून उभे, हा मुलगा माझ्याकडे का, मागच्या वर्षीही कच्ची मुलं मलाच दिली होती, ती मुलगी त्यांच्याकडे कशी गेली. त्या मुलांची नावं आम्ही अशी घेत होतो जसं काही ती आमच्यावर येऊन पडलेलं ओझं आहे. मीही घेत होते.

आणि त्याच वर्षी अर्ध्यातून एक मुलगा चौथीत आला. आईवडील कामासाठी सारखे गाव बदलणारे, आधीच्या दोन शाळा अर्धवट झालेल्या, वाचता येत नव्हतं, जोडाक्षर दिसलं की थांबायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी काय केलं असेल? ऑफिसमध्ये जाऊन म्हटलं की दुसऱ्या तुकडीत द्या, तिथे पट कमी आहे. दुसऱ्या तुकडीच्या मॅडमनी तेच उलटं सांगितलं. तो मुलगा दाराबाहेर दप्तर घेऊन उभा होता आणि आतमध्ये दोन शिक्षिका तो आपल्याला नको म्हणून भांडत होत्या, त्याला ऐकू गेलं असणार, चौथीतलं पोर एवढं काही लहान नसतं. आयुष्यात केलेल्या ज्या गोष्टींची लाज वाटते त्यात ही सगळ्यात वर आहे. त्याआधीच्या कितीतरी वर्षांत अशी मुलं आली होती आणि मी एकदाही असं बोलले नव्हते.

शेवटी तो माझ्याच वर्गात आला. आता बघा पुढे काय झालं. माझ्या वर्गात पासच्या थोडीशी खाली अशी सहा-सात मुलं होती, चाचणीत दोन-तीन मार्कांनी जाणारी. थोडा जोर लावला की ती वर येणार हे मला दिसत होतं, आणि ती वर आली की टक्केवारी एकदम वाढणार हेही दिसत होतं. शाळा सुटल्यावरचा अर्धा तास मी त्या सहा-सात जणांना दिला. जी मुलं आरामात पास होणार होती त्यांना मी नवीन काही दिलं नाही कारण त्यांचे नव्वदचे पंचाण्णव झाले काय आणि नाही झाले काय, हिशोबात फरक पडत नव्हता. आणि या नवीन मुलाला मी मधल्या सुट्टीत थोडं थोडं घ्यायचे, नावांच्या चिठ्ठ्या, बाराखडीची कार्डं, वर्गातल्याच पोरांची नावं वाचायची, असं करत करत वर्षाच्या शेवटी तो दुसरीचा धडा बोट ठेवून वाचायला लागला. मला विचाराल तर त्या वर्षी माझ्या वर्गात झालेलं सगळ्यात मोठं शिकणं तेच होतं. पण पेपर चौथीचा होता. तो नापास झाला. कागदावर त्याच्यासाठी केलेल्या कामाची किंमत शून्य, आणि माझी टक्केवारी कमी केली ती वेगळीच.

हे माझ्या एकटीचं मन वाईट म्हणून झालं असतं तर पत्र लिहायची गरज नव्हती. पण अमेरिकेत शिकागोमध्ये २००२ नंतर जेव्हा शाळांना किती टक्के मुलं ठरलेल्या पातळीच्या वर आहेत यावर जाब विचारायला सुरुवात झाली तेव्हा अभ्यासकांना हेच दिसलं, मधल्या मुलांचे मार्क वाढले, सगळ्यात खालच्या मुलांना मात्र काहीच फायदा झाला नाही. तिथे तर पगार बांधलेला नव्हता, शाळेवर नापासाचा शिक्का बसणार होता, तरी हे झालं. शिक्षक दुष्ट होते म्हणून नाही, वेळ मोजका असतो आणि तो जिथे मोजमापात दिसतो तिकडे आपोआप जातो म्हणून.

ही कल्पना नवीन आहे, मॉडर्न आहे, कंपन्यांसारखी आहे असं जे सांगितलं जातं तेही खरं नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने हेच आणलं होतं, रिझल्टनुसार पैसे. एका मुलामागे ४ शिलिंग हजेरीचे आणि ८ शिलिंग परीक्षेचे, वाचन लेखन आणि गणित, एका विषयात मूल नापास झालं की २ शिलिंग ८ पेन्स कापले जायचे. सरकारी इन्स्पेक्टर शाळेत येऊन एकेका मुलाची परीक्षा घ्यायचा. शाळेचं अनुदान त्यावर, आणि बऱ्याच ठिकाणी शिक्षकाचा पगारही त्या अनुदानातूनच. मग व्हायचं तेच झालं. मुलांकडून वाचनाचं पुस्तक वर्षभर घोकून घेतलं जायचं म्हणजे इन्स्पेक्टरपुढे अडखळायला नको, आणि इतिहास भूगोल वगैरे ज्याचे पैसे नाहीत ते मागे पडलं. मॅथ्यू अर्नोल्ड हा मोठा कवी तेव्हा स्वतः शाळा इन्स्पेक्टर होता, त्याने या पद्धतीवर सतत टीका केली, शाळांमधला जीव जातोय हे त्याला शाळा तपासताना समोर दिसत होतं. तरी ही पद्धत पूर्ण जायला १८९० चं दशक उजाडलं, म्हणजे तीस वर्षं, म्हणजे मुलांची एक आख्खी पिढी.

आता कुणी म्हणेल की जुन्या काळातलं सोडा, आता नीट डिझाइन करता येतं. बरोबर आहे, आणि मी फक्त माझ्या सोयीचे दाखले देणार नाही. आपल्या देशात आंध्र प्रदेशात २००५ पासून एक फार काळजीपूर्वक केलेला प्रयोग झाला, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा, सरकारी ग्रामीण शाळांमध्ये. मुलांच्या मार्कांत जेवढी सुधारणा तेवढा शिक्षकाला बोनस, बोनस सरासरी वर्षाच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांनी बघितलं तर त्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत दोन्हीत पुढे होती, आणि ज्या विषयांवर बोनस नव्हता त्यातही. हे खरं आहे आणि मान्य करायला हवं. पण त्यांनी ते कसं केलं ते बघा ना. पास-नापास मोजलं नाही, प्रत्येक मूल स्वतःच्या आधीच्या मार्कांपेक्षा किती पुढे गेलं ते मोजलं, परीक्षेला न आलेलं मूल शिक्षकाच्या विरोधात धरलं म्हणजे कच्च्या मुलाला त्या दिवशी घरी बसवायचा मोह नको, आणि परीक्षा बाहेरच्या माणसांनी घेतली. आणि एवढं सगळं करूनसुद्धा शिक्षकांची गैरहजेरी कमी झाली नाही! जे शाळेत होते त्यांनी जास्त गृहपाठ दिला, जादा वर्ग घेतले, त्याने फरक पडला. म्हणजे ज्या कामचुकार शिक्षकाच्या नावाने ही सगळी चर्चा सुरू होते तो त्या बोनसने शाळेत आला नाही.

केनियामध्ये १९९८-९९ ला असंच शिक्षकांना परीक्षेच्या निकालावर बक्षिसं दिली, तिथे परीक्षेच्या तयारीचे जादा तास वाढले, त्या परीक्षेतले मार्क वाढले, पण शिक्षकांची हजेरी वाढली नाही, गृहपाठ वाढला नाही, शिकवण्याची पद्धत बदलली नाही आणि बक्षीस बंद झाल्यावर मार्कांतली वाढही टिकली नाही. अमेरिकेत नॅशव्हिलला तर गणिताच्या शिक्षकांना १५ हजार डॉलरपर्यंत बोनस देऊ केला, तीन वर्षं प्रयोग चालला, एकंदरीत मुलांच्या मार्कांत काही फरक नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. त्यांतले बहुतेक शिक्षक आधीच जमेल तेवढं करत असणार. ज्याला अपूर्णांक समजावून सांगायची दुसरी पद्धतच माहीत नाही त्याला पैसे दाखवले म्हणून ती पद्धत कुठून येणार? त्याला कुणीतरी ती दाखवायला लागते.

आणि दाखवतं कोण, तर शेजारच्या वर्गातला शिक्षक. हे बाहेरच्या लोकांना कळत नाही. मी हातच्याची वजाबाकी शिकवायला काड्यांच्या जुड्या वापरायला शिकले ते एका सिनियर बाईंच्या वर्गात मागे उभं राहून, बीएड डीएडमध्ये नाही. आमच्याकडे बक्षीस सुरू झालं त्या दोन वर्षांत सराव पेपरची देवाणघेवाण बंद झाली. कुणी तोंडावर नाही म्हटलं नाही, फक्त "अजून टाइप व्हायचाय" असं व्हायला लागलं. माझा प्रश्नसंच तुम्हाला दिला तर तुमचा वर्ग माझ्यापुढे जाईल एवढा साधा हिशोब होता. बक्षीस बंद झालं तरी ते पूर्वीसारखं व्हायला खूप वेळ गेला.

फसवणुकीबद्दल लिहायला नको वाटतं पण लिहायला हवं. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात मार्कांवरून शाळांवर एवढं प्रेशर होतं, मार्क वाढले की बोनस आणि कौतुक, नाही वाढले की नोकरीची भीती, की शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर उत्तरं भरली. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांतल्या १७८ जणांची नावं आली, नंतर काही जणांना कोर्टाने दोषी ठरवलं. मला त्या शिक्षकांचा राग येतो पण त्याहून जास्त वाईट वाटतं त्या मुलांचं, ज्यांना वाचता येत नव्हतं आणि कागद सांगत होता की येतं, म्हणजे त्यांना मदत मिळायचा रस्ताही बंद.

शिवाय मार्क नक्की कुणाचे हा प्रश्न आहेच. चौथीतलं मूल गणितात चांगलं असेल तर त्यात पहिलीच्या बाईंचा वाटा किती, घरी अभ्यास घेणाऱ्या आईचा किती, क्लासचा किती? अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन ही संख्याशास्त्रज्ञांची संस्था आहे, म्हणजे आकड्यांशी वैर असलेली माणसं नव्हेत, त्यांनी २०१४ मध्ये लेखी सांगितलं की बहुतेक अभ्यासांनुसार मुलामुलांच्या मार्कांत जो फरक असतो त्यातला शिक्षकामुळे पडणारा भाग १ ते १४ टक्के. शिक्षक महत्त्वाचा नाही असा याचा अर्थ नाही, पण एका वर्षाच्या मार्कांवरून कोणता शिक्षक चांगला हे ओळखणं किती अवघड आहे ते यातून कळतं. साधा हिशोब करा, २५ मुलांचा वर्ग आहे, परीक्षेच्या दिवशी दोन मुलं तापाने फणफणलेली आणि दोघांनाही ६० ऐवजी १० मिळाले, वर्गाची सरासरी लगेच ४ मार्कांनी खाली. त्या शिक्षकाने काय चूक केली? आणि चित्रकला, खेळ शिकवणारे, पहिलीला शिकवणारे, मतिमंद किंवा बहिऱ्या मुलांना शिकवणारे यांचं काय करणार, त्यांच्या विषयाची परीक्षाच नाही किंवा असली तरी त्यात काही दिसत नाही.

मग कामचुकारांचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्याला माझं उत्तर आहे की हजेरी आणि मार्क या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शाळेत येणं हे पूर्णपणे शिक्षकाच्या हातात आहे, त्यावर पगार जरूर बांधा. राजस्थानात उदयपूरजवळ सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांमध्ये शिक्षकांना कॅमेरे दिले होते, रोज शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांबरोबर फोटो काढायचा, फोटोवर तारीख वेळ, आणि जेवढे दिवस भरले तसा पगार. कॅमेरे नसलेल्या शाळांत गैरहजेरी ४२ टक्के होती, कॅमेऱ्यांच्या शाळांत २१ वर आली, आणि मुलांचे मार्कही वाढले. याला माझा अजिबात विरोध नाही, असं होत असेल तर मी पहिली टाळ्या वाजवीन. वर्गात येऊन बसून बघणारे अनुभवी शिक्षक नेमा, वर्षातून एकदा अर्धा तास सही करून जाणारा अधिकारी नाही, चारपाच वेळा येऊन शांत बसणारा, नंतर शिक्षकाशी बोलणारा. जो शिकवतच नाही तो चारपाच वेळात कळतो हो, मुलांच्या वह्या उघडल्या की दहा मिनिटांत कळतो. त्याला सांगा, शिकवा, वेळ द्या, आणि तरी नाही जमलं तर काढा. त्यासाठी बाकी सगळ्यांच्या पगाराला मार्क बांधायची गरज काय?

आणि जास्तीचे पैसे द्यायचेच असतील, आणि द्यावेत असंच माझं मत आहे, तर अवघड काम अंगावर घेण्याचे द्या. जी शाळा लांब आहे, जिथे कुणी टिकत नाही, ज्या वर्गात वाचता न येणारी मुलं जास्त आहेत तिथे जो चांगला शिक्षक जाईल आणि राहील त्याला भत्ता द्या आणि तो भरघोस द्या. अमेरिकेत हे करून बघितलंय, चांगल्या शिक्षकांना कमी रिझल्टच्या शाळेत जाऊन दोन वर्षं राहायचे २० हजार डॉलर देऊ केले, जे गेले त्यातले बहुतेक राहिले आणि प्राथमिकच्या मुलांचे मार्क वाढलेसुद्धा, वरच्या वर्गांत मात्र फरक दिसला नाही. मला यातली गोष्ट आवडते ती ही की यात कच्चं पोर शिक्षकाचं नुकसान करत नाही, उलट त्याच्यासाठीच तर पैसे मिळतायत. आमच्या ऑफिसात त्या दिवशी असा भत्ता असता तर दोन शिक्षिका त्या मुलावरून भांडल्या असत्याच, पण तो आपल्याकडे यावा म्हणून भांडल्या असत्या.

जे कुणी पगाराची अशी योजना तयार करत असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, सॉफ्टवेअर आणि फॉर्म्युला नंतर बनवा, आधी कागदावर एवढं लिहून द्या की वर्षाच्या मध्यात दप्तर घेऊन दाराशी आलेलं, वाचता न येणारं मूल कोणाच्या वर्गात जाणार, आणि ज्या बाई त्याला आनंदाने आत घेतील त्यांच्या पगाराचं वर्षाच्या शेवटी काय होणार.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका